सतरा फेऱ्यांची सही

आमच्या उचगावच्या घरावरून विमान उतरायला लागलं की हे हातातलं काम टाकून अंगणात जायचे. उजव्या कानानं यांना काहीच ऐकू येत नाही, डाव्यानं निम्मं. पण विमान माझ्याआधी यांनाच कळायचं. "पायातनं कळतंय," म्हणायचे. कपाळावर हात धरून ते उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूला दिसेनासं होईपर्यंत बघायचे, मग परत येऊन शेंगा फोडायला बसायचे. मी कधी काही विचारलं नाही. बावन्न वर्षांच्या संसारात काय विचारायचं नाही ते माणसाला कळतं.

आमचं लग्न बहात्तर सालच्या वैशाखातलं, गडहिंग्लजकडच्या गावातलं. हे हवाई दलात फिटर होते. विमानाचा पत्रा, चाकं, दोऱ्या, सगळं दुरुस्त करायचं काम. लढाई संपून पाच महिने झाले होते. हळद उतरायच्या आत यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती आसामातल्या तळाची. तिथं माणसं कमी पडली. डकोटा विमानातून पुढच्या फौजेला धान्याची पोती आणि दारूगोळ्याच्या पेट्या टाकायच्या होत्या. विमानाचं दारच काढून ठेवलेलं. त्या उघड्या दारातून सामान ढकलायला कुणीतरी पाहिजे होतं, तर साहेबांनी फिटर लोकांना उभं केलं आणि विचारलं, कोण येतो? हे पुढं झाले. कमरेला दोरी बांधायची, खालून गोळ्या यायच्या, आणि हे पायानं पोती लोटायचे. अशा सतरा फेऱ्या. त्या दारातल्या वाऱ्यानं आणि आवाजानं कान गेला तो तिथंच.

जमिनीवरच्या माणसानं लढाईत असं उडून काम केलं, तर त्याला त्या दिवसांचा वेगळा भत्ता असतो. फ्लाइंग पे म्हणतात. पण ती तुकडी चार ठिकाणची माणसं गोळा करून उभी केलेली होती. लढाई संपली तशी मोडली, कागद चार दिशांना गेले. यांच्या पगारात तो भत्ता कधी लागलाच नाही. तुकडीचे साहेब मित्रा नावाचे बंगाली होते. त्यांनी जाताना एक निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक यांच्या हातात दिलं. त्यात सतराच्या सतरा फेऱ्या स्वतःच्या अक्षरात, तारखेनिशी लिहिलेल्या, आणि शेवटच्या पानावर खाली सही आणि गोल शिक्का. "आडनाईक, ही सही तुझी साक्ष आहे," असं ते म्हणाले होते.

लग्नाच्या वर्षीच्या खंडेनवमीला हे रजेवर आले होते. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं देवापुढं मांडतात. विळे, खुरपी, नांगराचा फाळ, सासऱ्यांची जुनी तलवार. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई यांना म्हणाल्या, "तुझं हत्यार कुठाय रं? पलटणीत काय नुसतं जेवायला जातोस?" हे हसले आणि ट्रंकेतून ते निळं पुस्तक आणून तलवारीशेजारी ठेवलं. आत्याबाईंनी शेवटचं पान उघडायला लावलं आणि मला म्हणाल्या, "सायबाचा हात लागलाय तिथं हळदकुंकू लाव. ल्येकराला त्यानंच राखलंय."

मी लावलं. मला इंग्रजी येत नाही, पण ती निळी वळणदार सही आणि तो जांभळा शिक्का मला अजून डोळे मिटले की दिसतो. फांदीवर बुलबुल फडफडून बसावा तशी सही होती ती.

त्यानंतर पुस्तक देवघरातल्या पेटीत गेलं, खणात गुंडाळून. हे नोकरीवर असले तरी यांच्या नावानं मी दर खंडेनवमीला ते काढायची. आदल्या वर्षीचं हळदकुंकू वाळून खपली धरलेलं असायचं. ते ओल्या फडक्यानं पुसायचं, देवाला पुसतो तसं, आणि नवं बोट लावायचं. मग पुस्तक मिटून वर झेंडूचं फूल. हे अंघोळ करून येईपर्यंत माझं झालेलं असायचं. हे बाहेरून नमस्कार करायचे. पुस्तक उघडायची यांना कधी गरज पडली नाही, सतरा फेऱ्या यांना तारखांसकट पाठ होत्या. पान पिवळं होत गेलं, मग केशरी, मग विटेसारखं. मला वाटायचं, देवच झालाय.

ब्याऐंशी साली हे निवृत्त होऊन आले. गावच्या पारावर यांचा चुलतभाऊ गणपतराव बसलेला असायचा. यांच्याच वयाचा, ऊस आणि तोंड दोन्ही सारखंच भरघोस. कुणी पावणा आला आणि यांच्याकडं बोट करून विचारलं, की गणपतराव आधी बोलायचा.

"ह्यो व्हय? आमचा पिऱ्या. लढाईत हुता की! इमानं पुसायला."

"उडालोय मी, गणप्या. सतरा बार."

"व्हय व्हय. फडक्यासंगट उडाला आसंल."

पार हसायचा. हे पण हसायचे, पण घरी आल्यावर भाकरी मोडून तशीच ठेवायचे. "भत्त्याचा कागद येऊ दे," म्हणायचे, "पारावरच वाचून दाखवतो." रक्कम किती, हे यांना नीट माहीतही नव्हतं. नात निशिगंधानं मोबाइलवर आकडे मांडून सांगितलं होतं, आजोबा, व्याज धरलं तरी यात तुमचं कानाचं मशीन पण येणार नाही. हे म्हणाले, "मशीन कोन मागतंय? त्यात लिवलेलं आसतंय, अमुक माणूस अमुक तारखेला उडाला. तेवढी एक ओळ पायजे."

चाळीस वर्षं हे अर्ज करत होते. सुरुवातीला पोस्टकार्डावर मावेल असं बारीक अक्षर होतं, पुढं हात थरथरायला लागला तशी अक्षरं मोठी झाली. उत्तरं यायची ती सगळी एकाच साच्याची: नोंद आढळत नाही. पुस्तक आहे, असं हे दरवेळी लिहायचे, पण पाठवायचे नाहीत. टपालात गहाळ झालं तर?

मुलानं उचगावात घर बांधलं तेव्हा आम्ही इकडं आलो. गेल्या वर्षीच्या श्रावणात पत्र आलं. निशिगंधानं वाचून दाखवलं. तुकडीची मूळ कागदपत्रं मुदत संपल्यानं नष्ट केली आहेत, मात्र त्या काळातलं, कमांडिंग अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचं पुस्तक असेल तर मूळ प्रत घेऊन यावं, दाव्याचा विचार होईल. कोल्हापुरात माजी सैनिकांसाठी दोन दिवसांचं शिबिर आहे, तिथं साहेब येणार आहेत.

"परत वाच," हे म्हणाले.

तिनं तीनदा वाचलं. यांनी उठून गणपतरावला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "दसऱ्याला पारावर बस, येतोय!" पलीकडून तो काय बोलला यांना ऐकूच आलं नाही, तरी हे हसत होते. मग अंघोळ केली. सोमवार नव्हता, सण नव्हता, तरी धुतलेलं धोतर नेसले, पाटावर बसले आणि मला पेटी मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं खण सोडला.

मी चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं होते. मागं पानं उलटल्याचा आवाज येत होता. एक, दोन, तीन फेऱ्या हे पुटपुटत होते. मग आवाज थांबला.

"चष्मा दे गं."

"डोळ्यावरच हाय की तुमच्या."

"दुसरा दे."

दुसरा नव्हताच. मी हात पुसत आले. यांचं बोट शेवटच्या पानावर होतं. सही-शिक्क्याच्या जागी विटेसारखा एक गोल डाग होता, मधोमध कागद झिजून पातळ झालेला, उजेडात धरला तर पलीकडचं दिसेल असा.

"हे काय लावलंयस?"

"हळदकुंकू. दरवर्साचं."

"हितंच?"

"आत्याबाईनी सांगितलेलं की... सायबाचा हात लागलेला तिथं..."

हे माझ्याकडं बघत राहिले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. भांडं फेकून मारलं असतं तरी मी उचलून जागेवर ठेवलं असतं. यांनी पुस्तक मिटलं, खणात गुंडाळलं, गाठ मारली. गाठ दोनदा सुटली.

निशिगंधानं काय काय केलं. पुस्तकाचे फोटो काढले, रंग कमी-जास्त केले, खालून दिवा धरला. मित्रासाहेबांच्या घरचा पत्ता शोधला. त्यांची मुलगी फोनवर चांगलं बोलली. वडील जाऊन पंचवीस वर्षं झाली, त्यांचे कागद घर विकताना गेले. "बाबा तुमच्या आजोबांसारख्या लोकांबद्दल बोलायचे," एवढं म्हणाली. नाव आठवतं का, तर नाही.

तरी आम्ही शिबिराला गेलो. हॉलमध्ये पंखे गरगरत होते, सगळीकडं काठ्या आणि टोप्या. टेबलापाशी बसलेला मदतनीस गडहिंग्लजकडचाच निघाला, रुद्रेश नावाचा, स्वतः निवृत्त हवालदार. त्यानं पुस्तक बघितलं आणि उठून खुर्ची दिली.

"आण्णा, आत मॅडम हाईत. पण मी खोटं बोलत न्हाई. शिक्का कुठाय ह्याच्यात?"

मी मध्येच बोलले. "शेंदराचा थर चढून देवाचं तोंड दिसत न्हाई, म्हणून आत देव न्हाई असं म्हणता का तुमी?"

"आक्का, मी म्हणत न्हाई. कागूद म्हणतोय."

आतल्या मॅडम तरुण होत्या, वाईट नव्हत्या. पानं उलटताना त्यांनी हातात रुमाल धरला होता, हळद सांडू नये म्हणून. सगळं वाचलं. मग सावकाश, हिंदीत, यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बाबा, नोंदी आहेत. पण सहीशिवाय हे कुणीही लिहू शकतं."

"कुनीबी?" हे म्हणाले.

"मला तसं वाटत नाही. पण मला तसं लिहावं लागेल."

"हे पान असं कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, तर यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "माझ्या हातनं झालं," म्हणाले. "वय झालंय."

बाहेर येऊन आम्ही रिक्षा केली. रिक्षात मी म्हणाले, "माझं नाव का न्हाई सांगितलं?" यांना ऐकू आलं नाही. की आलं, मला माहीत नाही. मी बसले होते ती यांची उजवी बाजू होती.

त्या वर्षी हे दसऱ्याला गावी गेले नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात पत्र आलं. पुराव्याअभावी दावा अमान्य, प्रकरण बंद. यांनी ते इतर पत्रांबरोबर डब्यात ठेवलं आणि डबा माळ्यावर टाकायला सांगितला. नवा अर्ज लिहिला नाही.

खंडेनवमीला गणपतराव स्वतःच आला. एसटीनं, खांद्यावर ऊस आणि पिशवीत झेंडू, सोबत नवी नातसून सुष्मिता. पाया पडून झाल्यावर ती पोर यांच्यापुढं बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुमी लढाईत इमानात हुता म्हणं?"

गणपतराव मिशीत हसायला लागला होता. पन्नास वर्षांचं वाक्य त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. त्याआधी हे बोलले.

"न्हाय बाळ. मी इमानं पुसायला हुतो."

कुणी हसलं नाही. गणपतरावानं ऊस भिंतीला टेकवला. "आरं पिऱ्या, चेष्टा करतोय मी, जलमभर." मग मोठ्यानं, यांच्या डाव्या कानाजवळ जाऊन, "उडालेलास की तू! कमरंला दोरी बांधून. पाच डिसेंबरला पयली फेरी, साताला दोन. तिसऱ्या फेरीला पोतं अडकलं हुतं दारात, तू लाथंनं ढकललंस. सतरा! मला समदं पाठ हाय की रं, पन्नास वर्सं ऐकतोय!"

"कागूद न्हाय," हे म्हणाले.

"कागदाला काय चाटायचंय? मी सांगतो की समद्यास्नी!"

"तू काय सांगनार गणप्या? तू हुतास का तितं?"

गणपतराव माझ्याकडं बघायला लागला, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी देवापुढं होते. पाटावर विळा, सुरी, निशिगंधाचा लॅपटॉप, यांची जुनी पक्कड मांडली होती. पुस्तकही ठेवलं होतं, मिटलेलं. न ठेवावं तर घरात विचारतील, ठेवलं तर हळद लावायला माझा हात उचलत नव्हता. तेवढ्यात घरावरून विमान गेलं, भांडी थरथरली. सुष्मिता धावत अंगणात गेली, गणपतरावही मान वाकडी करून दारापर्यंत गेला.

हे जागेवरून उठले नाहीत. पाय उचलून मात्र खाटेवर घेतले, जमिनीला लागू नयेत असे.

मी बोट हळदीत बुडवलं होतं. विळ्याला लावलं, सुरीला लावलं, पकडीला लावलं. पुस्तकापाशी आल्यावर मी बोट तसंच हवेत धरून बसले, हळद वाळेपर्यंत.