खुशाल हात आपटा

मी एक जुने गोल टेबल आहे. माझे लाकूड जागोजागी चेपले आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. गोष्ट रचून सांगणे मला जमेल असे वाटत नाही. पण ही एक सांगायचीच आहे.

सुताराने मला घडवले, तेव्हा दुकानात कुणी माझ्याकडे वळून पाहत नसे. ना खण, ना भिंतीला चिकटून बसायची सोय, नुसती जागा अडवणार! शेवटी एक बाई आल्या. ज्या मुलांना ऐकू येत नाही किंवा कमी येते, त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनातले जाणून घेऊन त्यांना आधार देणे हे या बाईंचे काम. माझ्याभोवती बसले की प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा आणि हात दिसतो, म्हणून त्यांनी मला निवडले. मुले डोळ्यांवर बोटांची वर्तुळे धरून त्यांना हाक मारत: चष्मेवाली ताई.

एकदा नऊ वर्षांची एक मुलगी आली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. शाळेत ती खुणांची भाषा शिकली होती. घरी ती कुणालाच येत नव्हती. बरोबर आई, बाबा आणि आत्या. तक्रार अशी, की ही जेवताना टेबलावर हात आपटते, ताटे उडवते. म्हणून हल्ली तिला आधीच, एकटीला वाढून मोकळे होत. सगळ्यांबरोबर बसायचे तर आधी हा राग जायला हवा, असे बाबांचे म्हणणे. आत्याच्या मते हा सगळा बापाचा वारसा. लहानपणी बाबांनी रागाने डिवचलेला कोंबडा मागे लागला तेव्हा ते चड्डी सावरत कसे पळाले, ते तिने रंगवून सांगितले. आई-बाबा पोट धरून हसले.

मुलगी एकेका तोंडाकडे पाहत राहिली. तिने आईची बाही ओढली. आईने नुसता हात हलवला. काही नाही गं, नंतर.

धाड! मुलीचा तळहात माझ्यावर आदळला.

"बघा," बाबा म्हणाले. "हेच."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनीही माझ्यावर एक थाप मारली. मुलीने चटकन वर पाहिले. थाप लाकडातून समोरच्याच्या हाताला कळते. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसे एकमेकांना अशीच हाक मारतात, हे ताईंनी घरच्यांना सांगितले.

"म्हणजे ही रागावलेली नाहीच?" आत्याने विचारले.

ताईंनी तो प्रश्न हातांनी मुलीपुढे ठेवला. मुलीचे हात भराभर चालले. ताई ते बोलून दाखवत गेल्या. "आधी हाक मारते. कुणी बघत नाही, मग राग येतो. आई म्हणते, नंतर सांगते. ते नंतर कधी येतच नाही."

आईचे डोळे भरून आले. "तुम्हाला हे कुणी शिकवलंच नव्हतं," ताई म्हणाल्या. "आता शिकू." मग त्यांनी आत्याला तीच कोंबड्याची गोष्ट हातांनी सांगायला लावली.

"या वयात मी काय नाच करू?"

"नाच नको. कोंबडा व्हा."

आत्या पदर खोचून उठली. हातांचे पंख फडफडवत ती बाबांच्या मागे लागली आणि बाबा चड्डी सावरल्यासारखे करत माझ्याभोवती पळाले. मुलगी खदखदून हसली. मग तिने पुन्हा थाप मारली: परत एकदा.

पुढे कितीतरी महिने ते येत राहिले, खुणा शिकत राहिले. कधी कधी मुलगी खरोखरच रागाने माझ्यावर मुठी आपटी. ताई तिला आवरत नसत. इतकी वर्षे जे निसटले, त्याचा राग येणारच. एक दिवस तिने ताईंना कळवले, की आता ती सगळ्यांबरोबर जेवते. आत्याचे हात फार सावकाश बोलतात, तोवर जेवण गार होते. पण तसेच जेवतात सगळे.

आता शेजारच्या खोलीतली माणसे म्हणतात, फार आवाज होतो, या जुनाट टेबलाऐवजी काचेचे आणा. काचेवर कोण हात आपटेल? मी इथून हलणार नाही.

मित्रांनो, कुणी तुमची बाही ओढून "काय झालं?" असे विचारले, तर हसणे थांबवा आणि तेव्हाच सांगा. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्या माझ्या मित्रांनो, तुम्ही गप्प बसू नका. घरचे बघेपर्यंत टेबलावर हात आपटा. आमचे लाकूड त्यासाठीच आहे.