परातीतलं लाल पाणी

निपाणीबाहेरच्या माळावर एका महाराजांचा मांडव पडला होता आणि सकाळी आठलाच तिथं बसायला जागा नव्हती. पुढं पांढऱ्या परातीत पिवळं तीर्थ होतं. भरमा नावाच्या शिष्यानं एका म्हाताऱ्याच्या पावलांना भस्म फासलं आणि त्याला परातीत उभं केलं. बघता बघता पाणी लाल झालं. बायकांनी हात जोडले. माझ्या शेजारच्या सुवर्णाआक्कानं माझा दंड धरला.

"पायातनं रक्त निघतंय गं," ती म्हणाली.

आक्का माझी सख्खी बहीण. तिला एचआयव्ही आहे. गेल्या वर्षी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, कुठं काही न लागता मांड्यांवर जांभळे डाग उठले. तपासलं तेव्हा आजार कळला. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट दीड लाखांच्या वर हव्यात, तिच्या बावीस हजार निघाल्या. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्या तीन महिन्यांत नव्वद हजारांवर गेल्या. पण गोळ्यांनी मळमळायचं. त्यात कुणीतरी कुमारदाजींच्या डोक्यात भरवलं की गोळ्याच रक्त पितात. दाजी तिला या महाराजांकडं घेऊन आले, महाराजांनी गोळ्या बंद केल्या.

मला हे कळलं एकविसाव्या दिवशी. दात घासताना तिचं तोंड रक्तानं भरलं तेव्हा.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"उद्याची एक परात झाली की जाऊ," दाजी म्हणाले. "एवढं शेवटचं." तेही घाबरले होते. तिला एकटीला सोडायचं धाडस मला झालं नाही, म्हणून मी बरोबर आले.

"डाक्टरला नुसतं रक्त दिसतं. मला रक्ताचा स्वभाव दिसतो," महाराज सांगत होते. "वाईट रक्त खाली उतरतं, चांगलं वर बसतं." रक्त जणू त्यांना विचारूनच जिना चढत-उतरत होतं. मग त्यांनी परातीत लिंबू पिळलं. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं. "झालं शुद्ध."

मी वडगावात सूत रंगवते. रंग का बदलतो, हे बघायची मला सवय आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे लुगडं धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. चुन्यानंही तेच होतं, आणि आंबट पडलं की परत पिवळं. मी भस्माच्या ताटातलं चिमूटभर बोटांवर चोळलं. वास चुन्याचा होता.

आक्काचं नाव पुकारलं. ती उठली तेव्हा तिच्या घोट्यावर नवा डाग दिसला. मी तिच्या पुढं झाले, खालचा एक दगड उचलला, त्याला भस्म फासलं आणि परातीत सोडला.

दगडाभोवती पाणी लाल झालं.

भरमा माझ्या अंगावर धावून आला. लोक उठले. आता मार बसणार, असं मला वाटलं. तेवढ्यात दाजी मध्ये आले.

"महाराज, दगडाला रगात असतंय व्हय?"

महाराज म्हणाले, "बाईनं तीर्थ बाटवलं."

"त्यात हळद हाय, आन् भस्मात चुना," मी म्हटलं. "घरी जाऊन करून बघा."

अर्धे लोक उठून गेले. अर्धे पुन्हा रांगेत उभे राहिले, हेही सांगायला हवं.

त्याच दुपारी बेळगावच्या दवाखान्यात आक्काच्या प्लेटलेट अकरा हजार भरल्या. "विषाणूमुळं त्या कमी होतात," डॉक्टर मंजुश्री म्हणाल्या. "गोळ्या त्याला आवरतात. बंद केल्या की तो परत उठतो. मळमळतंय म्हणून सांगितलं असतं, तर गोळी बदलून दिली असती."

"मला वाटलं, तुम्ही रागवाल," आक्का म्हणाली.

आठ दिवस ती खाटेवरून उतरायलाही भीत होती. कुठं पडली, तर आतल्या आत रक्त सुटेल म्हणून. दाजी बाहेरच्या बाकावरून हलले नाहीत. लाखाचा आकडा गाठायला पुढं चार महिने लागले.

घाबरलेल्या माणसाला झटपट इलाज हवा असतो, आणि ठकाला तेवढंच पुरतं. भीती वाटली तर डॉक्टरला विचारा, दोनदा विचारा, दुसऱ्या डॉक्टरलाही विचारा. चमत्कार दिसला तर तो कशानं झाला, तेही विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत गोळी चुकवू नका.