बंद पडणारं इंजिन

म्हाताऱ्याने पांढऱ्या इंजिनाच्या पाण्याच्या भोकात करंगळी घातली, गोल फिरवली आणि बाहेर काढून उजेडात धरली. कोऱ्या इंजिनात मीठ कुठून सापडणार! पण मासेमारीत हयात घालवलेल्या माणसाचे हात इंजिन दिसलं की गप्प बसत नाहीत. बोट कोरडंच निघालं, तरी त्याने ते विजारीला पुसलं.

"काका, ते अजून समुद्रात उतरलंच नाही," मेकॅनिक हसून म्हणाला.

म्हातारा हसला नाही. हल्ली त्याला हसू येत नसे, आणि रडूही. थोरल्या मुलाला समुद्राने नेलं तेव्हापासून तो वेळेवर जेवत होता, झोपत होता, कोणी काही विचारलं तर उत्तर देत होता. घरचे म्हणत, सावरला बिचारा. कसला सावरतोय! त्याला काही वाटतच नव्हतं. जुनं इंजिन बायकोने दारात ठेवू दिलं नाही, ते विकलं, तेव्हाही वाटलं नव्हतं. आता होडी धाकटा नेणार होता आणि त्याने 'चला' म्हटलं म्हणून म्हातारा दुकानात आला होता.

तीन इंजिनं पाण्याच्या तीन पिंपांत उभी होती. धाकट्याने पुढे होऊन विचारलं, "खाऱ्या पाण्यात सगळ्यात भरवशाचं कुठलं?"

"काळ्याचं अंग मिठाला दाद देत नाही. पण सुटा भाग लागला तर वाट बघत बसा. निळ्याचे भाग कोपऱ्यावर मिळतात, पण रोज गोड्या पाण्याने धुतलं नाही तर आतून चोंदतं. आळशी माणसाचं काम नाही ते. आणि पांढरं..."

"पांढरं दादाकडे होतं," धाकटा म्हणाला. "कधी म्हणजे कधी बंद पडलं नाही."

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. पण ते खरंच होतं. होडी सापडली तेव्हा ती रिकामीच गोल गोल फिरत होती आणि इंजिन मजेत चालू होतं. बंद करायची लाल दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली होती. ती मनगटाला अडकवायची असते, म्हणजे माणूस पडला की दोरीला हिसका बसतो, खटका निघतो आणि इंजिन थांबतं. त्यांच्या धक्क्यावर मात्र कोणी ती हाताला लावत नसे. जाळं ओढताना अडचण होते, हे एक. शिवाय जो लावेल त्याला "आईने बांधून पाठवलंय का रे?" असं विचारून सगळे हैराण करत. थोरला त्यात सगळ्यांच्या पुढे.

"चालू कर," म्हातारा मेकॅनिकला म्हणाला.

पांढरं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. म्हाताऱ्याने लाल दोरी सोडवली, स्वतःच्या मनगटाला अडकवली आणि इंजिनाकडे बघत तो मागे मागे सरकू लागला. दोरी ताणली गेली. खट्ट झालं आणि दुकानात एकदम शांतता पसरली.

"आता काळं."

मेकॅनिकने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने मान हलवली. काळंही तसंच थांबलं. निळं थांबलं तेव्हा पिंपातलं पाणी हिंदकळून म्हाताऱ्याच्या चपलांवर सांडलं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काका, ही सगळीच थांबतात," मेकॅनिक समजुतीने म्हणाला. "दोरी हाताला असली की झालं. त्यात कंपनीचा काही संबंध नाही."

"आमचं जुनं?"

मेकॅनिकने हात पुसले. होडीची गोष्ट त्यालाही माहीत होती.

"तेही थांबलं असतं."

समाचाराला आलेला प्रत्येक जण सांगून गेला होता की, समुद्रापुढे कोणाचं काय चालतं. म्हाताऱ्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं होतं आणि त्याच आधारावर तो इतके दिवस उभा होता. आता थोरला पाण्यात डोकं वर काढून हाका मारतोय आणि होडी हाताशी येऊन पुन्हा लांब जातेय, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. तो ओल्या फरशीवर मटकन बसला.

धाकटा घाबरून त्याच्याजवळ वाकला. त्याने भलतंच विचारलं.

"बाबा, मग कुठलं घ्यायचं?"

म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"कुठलंही घे रे," तो म्हणाला. "थांबलं असतं, म्हणतोय तो."