खालची कडी

तबेल्यात घोडे सहा, मालक सहा आणि दाण्याची खोली एक. त्या खोलीच्या दाराला दोन कड्या होत्या. वरची हाताच्या उंचीवर, जाता-येता लागणारी. खालची जमिनीपासून वीतभर वर, वाकल्याशिवाय न लागणारी. ती मुद्दाम तिथे बसवली होती. वरची कडी हुशार घोडा ओठांनी सरकवू शकतो. पायाशी घट्ट बसणारी त्याला जमत नाही. सहाही मालकांना हे ठाऊक होतं, दारावर ठळक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. तरी आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी खालची कडी उघडीच सापडायची.

यात नवल काहीच नाही. आपल्या इमारतीच्या जिन्यातला दिवा भर दुपारी जळत असतो, तेव्हा त्याच्याखालून आपणही जातो. आपल्या कचेरीत पाण्याचं पिंप रिकामं झालं की शेवटचा पेला भरून घेणारा शांतपणे जागेवर जाऊन बसतो. जे सगळ्यांचं असतं, त्याला वाली नसतो. तबेल्यातही नोकर नव्हता. जागेचा मालक फक्त छप्पर आणि कुरण भाड्याने द्यायचा. झाडलोट, पाणी, लीद काढणं हे ज्याने-त्याने करायचं, आणि सामाईक कामं पाळीने. पाळीचा तक्ता भिंतीवर होता. त्यावर धूळ बसली होती.

या सहा जणांत एक घड्याळजी होते. बाजारपेठेत त्यांचं छोटंसं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने तांदळाच्या कणाएवढे स्क्रू उचलायचे आणि संध्याकाळी सहाला दुकान बंद करून आपल्या करड्या घोडीकडे यायचे. सगळ्यांत शेवटी निघायचे ते. निघण्यापूर्वी एक फेरी मारायचे. गवताच्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या जमिनीवर पडलेल्या असत, त्या उचलायचे. घोड्याच्या पोटात सुतळी गेली तर आतडं आवळतं. दाते वर करून टाकलेलं दाताळं भिंतीला टेकवून ठेवायचे. आणि शेवटी गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत वाकून, ती खालची कडी लावायचे. चार वर्षं हा नेम चालला होता. कोणाला एका शब्दाने ते बोलले नव्हते. मनात मात्र रोज बोलत होते.

त्यांचं मन जाणणारा एकच माणूस होता, म्हातारा नालबंद. दर सहा आठवड्यांनी तो यायचा आणि एका दिवसात सगळ्या घोड्यांचे खूर पाहून जायचा. त्या दिवशी करडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन तो खूर तासत होता आणि घड्याळजी मनातलं ओकत होते.

"वकीलबाई दाणा घेतात आणि दार तसंच. बेकरीवाला तर वरचीही कडी लावत नाही. डेंटिस्टसाहेबांना वाटतं, सुतळ्या आपोआप विरघळतात. मी म्हणून सगळं करतो."

"कोणाला बोललात यातलं?" नालबंदाने मान वर न करता विचारलं.

"बोलायचं काय त्यात? शिकलेसवरलेले लोक आहेत. दिसत नाही त्यांना?"

"नाही दिसत. तुम्ही दिसू देता कुठे? सकाळी ते येतात तेव्हा कडी लागलेली असते. त्यांच्या हिशेबी ती लागतेच."

"म्हणजे माझीच चूक?"

"घोडं पेंड खातंय ते इथंच, घड्याळजी. चार वर्षं तुम्ही त्यांना निष्काळजीपणाची सवय लावलीत. त्यांच्या मागून गुपचूप आवरता आणि वर त्यांच्यावर रागावता. ते राग काय म्हणून समजून घेतील? त्यांना ना तुमचं काम दिसतं, ना तुमचा राग."

"मग करू काय?"

"तोंडावर सांगा. दोन-चार दिवस वाजेल, मग होईल सवय."

"भांडण मला जमत नाही हो. शोभतही नाही या वयात."

नालबंदाने करडीचा पाय खाली ठेवला, कंबर सरळ केली. "भांडण आणि सांगणं यांत फरक आहे. पण एक लक्षात ठेवा, जोवर सांगत नाही, तोवर कडी लावत राहा. माणसांच्या अकलेची परीक्षा जनावराच्या पोटावर घ्यायची नाही."

घड्याळजींनी मान डोलावली. माणूस सल्ला ऐकतो तेव्हा त्याला हवा तेवढाच भाग घरी नेतो. 'तुम्ही त्यांना सवय लावलीत,' एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं.

तोंडावर सांगण्याऐवजी त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि दाण्याच्या खोलीच्या दारावर चिकटवली. 'कृपया दाणा घेतल्यावर खालची कडी लावावी. – एक हितचिंतक.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिठ्ठीखाली पेन्सिलीने ओळ लिहिलेली होती. 'हितचिंतकांनी स्वतः लावावी. पुण्य लागेल.' कागदाच्या कोपऱ्यावर पिठाचा पांढरा अंगठा उमटला होता, तेव्हा बेकरीवाल्याला सही करायची गरजच नव्हती.

खरं तर बेकरीवाला वाईट माणूस नव्हता. पहाटे तीनला उठणारा, दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा, थट्टेवर जगणारा. त्याने गंमत केली होती. पण घड्याळजींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मागून वकीलबाई दाण्याची बादली घेऊन आल्या. चिठ्ठी वाचून त्या हसल्या, म्हणाल्या, "हा हितचिंतक कोण बुवा? समोर यायला लाजतो वाटतं," आणि दाणा घेऊन गेल्या. त्यांनी आपल्या काळ्या घोड्याला दाणा दिला, हात धुतले, मोटारीत बसल्या. दार अर्धवट उघडंच होतं.

तबेल्यात आता घड्याळजी एकटेच होते. सात वाजायला दहा मिनिटं होती. ते दारापाशी आले. वरची कडी त्यांनी सवयीने लावली. खालचीकडे बघत उभे राहिले.

आज नाही लावायची, त्यांनी ठरवलं. होऊ दे काय व्हायचं ते. उद्या सकाळी खोलीभर दाणा सांडलेला दिसला की उतरेल सगळ्यांचं हसू.

ओळीतल्या चौथ्या ठाणात अबलख उभा होता. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, बेरकी डोळ्यांचा. तो परिचारिकेचा घोडा. तिला सगळे सिस्टर म्हणत. अबलखला आपल्या ठाणाची कडी ओठांनी उघडता यायची. रात्री तो बाहेर पडून आवारात चक्कर मारायचा आणि सकाळी निमूट परत आत उभा असायचा. 'गस्त घालून आले का फौजदार?' असं बेकरीवाला त्याला रोज विचारायचा. आवाराचं फाटक बंद असे, खालची कडी लागलेली असे; म्हणून फौजदारांच्या गस्तीची कोणाला भीती नव्हती.

त्या क्षणी आपल्याला अबलखची आठवणच झाली नाही, असं घड्याळजी पुढे सांगू शकले असते. आठवण झाली होती. खाईल बादलीभर, सकाळी आरडाओरड होईल, असं त्यांच्या मनात आलं होतं. मग त्यांनी टोपी घातली, फाटक लावलं आणि ते घरी गेले.

सकाळी सहाला ते सगळ्यांच्या आधी आले. आपला धडा कसा वठला ते बघायचं होतं.

दाण्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पोती फाडलेली, दाणा उंबऱ्यापर्यंत आलेला. अबलख आवाराच्या मधोमध आडवा होता. घामाने ठिबकत होता. मान वळवून पुन:पुन्हा पोटाकडे बघत होता, तिथे कोणीतरी चावतंय तसा. उठला, दोन पावलं चालला, पुन्हा कोसळला.

घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वर यायला त्याला वाटच नसते. अर्धं पोतं कोरडा दाणा आत गेलेला, त्यावर हौदातलं पाणी. दाणा फुगतो आणि जागा तेवढीच राहते.

घड्याळजींनी डॉक्टरांना फोन केला, मग रुग्णालयात. सिस्टर रात्रपाळी संपवून तशीच आली, पांढऱ्या गणवेशात, पायांत रुग्णालयातलेच बूट. येताच तिने अबलखच्या गळ्यात दोर घातला आणि त्याला चालवायला लागली. घोड्यांचे डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घातली, औषधं दिली, घड्याळजींनी बादल्या वाहिल्या. आणि सिस्टर चालत राहिली. रात्रभर रोग्यांच्या उशाशी उभी राहिलेली मुलगी पुढचे चार तास त्या घोड्याला आवारातून फिरवत होती, त्याच्या कानाशी बोलत होती. "चल रे राजा. अजून एक फेरी. एकच."

टांग्याच्या अड्ड्यावर हाडं मोजावीत असा असताना तिने त्याला तिथून आणलं होतं. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती.

साडेदहाच्या सुमारास त्याचे पाय मुडपले ते पुन्हा सरळ झाले नाहीत. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. शेवटचं इंजेक्शन देताना त्याचं डोकं तिने मांडीवर धरलं होतं.

रविवारी सगळे मालक जमले. वकीलबाईंनी नवंकोरं जाडजूड कुलूप आणलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. विषय निघाला, आणि जसा अशा बैठकांत निघतो तसाच निघाला. दार कोणी उघडं ठेवलं हे कोणाला आठवत नव्हतं. डेंटिस्टसाहेब तर म्हणे त्या दिवशी आलेच नव्हते.

"दाराचं राहू द्या," वकीलबाई म्हणाल्या. "वाईट वाटतं, सिस्टर, खरंच वाटतं. पण नियमाने बघितलं तर घोडा ठाणातून बाहेर पडला. इतर पाच घोडे नाही पडले. ज्याचा घोडा कडी उघडतो, त्याने जादा कुलूप लावायला नको?"

बेकरीवाला आज थट्टा करत नव्हता. पण तोही खाली बघून म्हणाला, "तेही आहेच म्हणा."

सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "माझंच चुकलं. रोज मनात यायचं, कुलूप आणू. रोज राहून जायचं. मीच मारलं त्याला."

घड्याळजींना एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. कोणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. चिठ्ठी त्यांनीच काढून खिशात घातली होती. दोन आठवड्यांत सगळं निवलं असतं. पण ती मुलगी आता आयुष्यभर त्या मांडीवरच्या डोक्याचं ओझं एकटी वाहणार होती, आणि त्या ओझ्यातला मोठा वाटा त्यांचा होता.

"खालची कडी उघडी होती," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखीचा वाटला नाही. "सात वाजायला दहा मिनिटं असताना मी ती पाहिली. वकीलबाई नुकत्याच गेल्या होत्या. मी लावली नाही."

"विसरलात?" डेंटिस्टसाहेबांनी विचारलं.

"नाही. मुद्दाम नाही लावली. तुम्हाला धडा शिकवायचा होता."

ओळीतला एक घोडा खूर आपटत होता.

"चार वर्षं मी ती रोज लावली," घड्याळजी पुढे म्हणाले. "तुमच्यापैकी कोणालाच सांगितलं नाही. चिठ्ठी लावली तीही निनावी. राग तुमच्यावर होता आणि काढला त्या मुक्या जनावरावर. सिस्टर, तुझी चूक नाही. कुलूप नव्हतं, पण कडी होती. ती लावायची होती."

वकीलबाईंचा चेहरा उतरला. "दार मी उघडं टाकलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला त्याच सकाळी आठवलं होतं."

"आणि मी चिठ्ठीची थट्टा केली," बेकरीवाला म्हणाला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

सिस्टरने घड्याळजींकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"काका, रात्रपाळीला जाताना साडेसातला मी इथूनच बस पकडते," ती म्हणाली. "फाटकासमोर थांबा आहे. तुम्ही एक फोन केला असतात, कडी उघडी आहे म्हणून, तर मी आत येऊन लावली असती. दोन मिनिटांचं काम होतं."

एवढं बोलून ती चौथ्या ठाणाकडे गेली. अबलखचा खरारा, बादली, पाठीवरची घोंगडी तिने एका पिशवीत भरली. बेकरीवाला पिशवी उचलायला पुढे झाला, तिने त्याला नको म्हटलं. ती पुन्हा तबेल्यात आली नाही. घड्याळजी दोनदा तिच्या घरी जाऊन आले. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तिने आत घेतलं, पाणी दिलं, आणि ती दोघं थोडा वेळ बसली. तिने क्षमा केली की नाही, हे घड्याळजींनी विचारलं नाही. तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्यांना समजलं होतं.

महिनाभराने डेंटिस्टसाहेब कुरणाचं फाटक उघडं टाकून निघाले, तेव्हा घड्याळजी त्यांच्या मोटारीपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, फाटक."

"अहो, तुम्ही लावून टाका ना. उशीर झालाय मला."

"मी लावणार नाही आणि तुम्ही लावल्याशिवाय बाजूलाही होणार नाही. उतरा."

भांडण घड्याळजींना अजूनही जमत नव्हतं. डेंटिस्टसाहेब पुटपुटत उतरले, चिखलातून गेले, फाटक लावून आले. आठ दिवस त्यांनी घड्याळजींशी अबोला धरला. पण फाटक त्यानंतर उघडं राहिलं नाही.

वाचकहो, बेपर्वा शेजारी आपल्या सगळ्यांनाच आहेत. त्यांचं निस्तरत राहणाऱ्याला आपण सज्जन म्हणतो आणि एक दिवस वैतागून हात झटकणाऱ्याला करारी म्हणतो. घड्याळजी दोन्ही होऊन बसले, आणि दोन्ही वेळा त्यांनी तोंड मिटलेलंच ठेवलं. त्यांच्या मौनाची शिक्षा ना त्यांना झाली, ना वकीलबाईंना. ती ज्याला झाली, त्याला तर बोलताच येत नव्हतं. म्हणून जे खटकतं ते त्याच दिवशी, त्याच माणसाला, आपल्या नावानिशी सांगा. आणि तो ऐकेपर्यंत वाकून कडी लावत राहा.