दुपारी झोपणारी जाहिरात

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बसस्टँडामागं जहीरचा कॅफे होता. चार कॉम्प्युटर, एक पंखा, अन् तो पंखाही असा की फिरला तर फिरला, नाई तं बसला रुसून. जहीर सातवी नापास. पण इंटरनेटवर जाहिरात कशी चढवाची, हे साऱ्या तालुक्यात त्यालेच येत होतं. नागपूरच्या एका दोस्ताजवळ बसून बसून शिकला होता बिचारा. ही दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. तवा लोकायले ताडोबाचा वाघ पाहाचा नाद लागला होता. अन् वाघ पाहाले निघाच्या आधी ते कॉम्प्युटरले विचारत, राहाचं कुठी? जो वर दिसला त्याचं घर भरलं, जो खाली राह्यला तो माशा मारत बसला.

एक दिवस केवळराम अन् त्याची बायको गिरजा कॅफेत आले. तळ्याकाठच्या गावातले ढिवर लोकं, मासोळी धरून अन् धान लावून जगणारे. केवळराम कमी बोलणारा माणूस, बोलाचं काम गिरजाचंच. म्हणाली, "जहीरभाऊ, आमी दोन खोल्या बांधल्या. गाद्या घेतल्या. संडास बी बांधला, पांढऱ्या फरशीचा. आता पाहुणे तू आन."

"एवढी काऊन घाई, गिरजाबाई?"

"मिथुनसाठी." मिथुन तिचा मोठा पोरगा. जंगलातला पत्ता न् पत्ता ओळखे तो. "त्याले माजरीचा ठेकेदार बोलावून राह्यला, कोळशाच्या कामावर. खोल्या चालल्या तं माहं पोट्टं घरी राह्यते. नाई चालल्या तं उन्हाळ्यात गेलंच समज."

जहीरले कणव आली. खरंच आली, खोटं कायले सांगाव? त्यानं त्यायच्या घरी जाऊन गिरजाचा फोटो काढला. खोलीच्या दारात, लग्नातलं लुगडं नेसून, हातात हातभर मरळ मासोळी. इंटरनेटवर त्यायच्या घराचं एक पान बनवलं अन् तो फोटो त्या पानावर टाकला. मंग जाहिरात लावली अन् तिले समजावलं, "पाहा बाई, तळ्यात तुमी चारा टाकता, मासोळी तिथी जमते. तसंच हे. कोणं बी ताडोबा लिवलं की बाजूले तुमची दोन ओळीची जाहिरात येते. त्यानं ती दाबली की तुमचं घर दिसते. अन् दाबलं की तुमचे पैसे कटते. दिवसाचा ठरवलेला पैसा सरला की जाहिरात झोपते, मंग दुसऱ्या सकाळीच उठते."

"कटू दे नं," गिरजा म्हणाली. "पाहुणा आला की निघते."

आता खरी गंमत इथी झाली. दाबणारा म्हणजे पाहुणा, असं तिच्या डोक्यात बसलं. आपलं माणूस आपलं पान पाह्यते, त्याचे कायचे पैसे? आपल्याच घरात डोकावाले कोणी तिकीट घेते का?

बाजाराच्या दिवशी अर्धी वस्ती कॅफेत. जाहिरातीत नुसते अक्षर, फोटो तं आतमधी. म्हणून जो आला त्यानं दाबलं. अंजनाबाई म्हणून गिरजाची चुलतसासू होती. ते म्हातारी पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाली, "वो माय! मासोळी गिरजापेक्षा देखणी दिसते!" अन् अशी हसली की तिच्या तोंडातलं खायचं पान गेलं कीबोर्डवर. बाया हसल्या, जहीर बी हसला. मंग बायायनं माहेरी कळवलं. सिंदेवाहीची नणंद, ब्रह्मपुरीचा भाचा, गडचिरोलीचा साडू, ज्याच्या त्याच्या गावात कॅफे होताच. लग्नात गेले तरी नवरदेव मागं अन् गिरजाचं पान पुढं. सारे दाबून पाहत, अन् कौतुकानं पाहत.

एकाच मशीनवरून कोणी घडीघडी दाबलं तर कंपनी ओळखते अन् पैसे कापत नाई, हे जहीरले माहीत होतं. पण हे तं गावोगावचे सोयरे, एकेकदा दाबणारे. कंपनी काय ओळखते कप्पाळ!

जहीरच्या पडद्यावर मात्र दिसे, कोणत्या गावातून किती लोकायनं दाबलं ते. हैदराबाद नाई, पुणे नाई, नागपूर एखादं. बाकी सारी सोयरीक. दुपारच्या जेवणाआधी जाहिरात झोपून जाय. ती झोपली की तिच्या जागेवर खालची जाहिरात सरके. अन् खालची जाहिरात होती अजीमच्या लॉजची. अजीम म्हणजे जहीरचा साळा, बायको खुर्शीदाचा भाऊ. लॉजमधी जेवढे पाहुणे पडत, त्यातला वाटा जहीरच्या घरी ये.

त्यानं हसत हसत अजीमले सांगितलं. अजीम हसला नाई. म्हणाला, "चुप बैठ. तेरा क्या जाता है? तूने हाथ लगाया क्या?"

"नाई."

"तो बस. अपने हाथ से कर रहे, करने दे."

हात तं खरंच लावला नव्हता. तेच तं वाईट होतं. कारण त्या पडद्यावरच एक सोय होती. अमुक इलाख्यात ही जाहिरात दाखवू नका, असं सांगता ये. चंद्रपूर-गडचिरोलीवर एक खूण केली की सारी सोयरीक बाहेर, अन् चारा राहाचा खऱ्या मासोळीसाठी. किती वेळचं काम? बिडी पेटवाले लागते तेवढ्या वेळचं. जहीर तिथवर जाय अन् परत ये. मनाले सांगे, बायायले इथी दिसणं बंद झालं तं वाईट वाटंल. सांगे, बाजार झाला की करू. सांगे, ईद झाली की करू. माणूस दुसऱ्याले फसवतो ते सोपं असते, सायबा; सोतःले फसवाले रोज नवा बहाणा लागते.

अन् गिरजा काय करे? बाजाराले आली की झिंगे नाई तं मरळ पळसाच्या पानात गुंडाळून आने. "तुह्या लेकरायले दे. तू आमच्यासाठी एवढं करून राह्यला." खुर्शीदा झणझणीत रस्सा करे. जहीर दोन घास खाय अन् ताट सरकवे.

"काऊन? काटा लागला का?" खुर्शीदा इचारे.

"हाव."

"झिंग्यात कुठला काटा आला जी?"

तो उठून हात धुवाले जाय.

असा हिवाळा गेला अन् ऊन तापलं. गिरजाच्या खोल्यायच्या गाद्या तशाच, कोऱ्या प्लास्टिकात. मंग एका सकाळी पहिल्या एसटीनं पाच बाया उतरल्या. डोक्याले तेल, धुतलेले लुगडे, एकीच्या कडेवर लेकरू. पुढं गिरजा, मागं अंजनाबाई. येऊन बाकड्यावर रांगेनं बसल्या.

"आज काय हाय, गिरजाबाई?" जहीरनं इचारलं.

"पाळी."

"कायची पाळी?"

"मले सिंदेवाहीच्या नणंदेनं सांगितलं, दुपारून आमचं पान दिसतच नाई. मी इचार केला, आपल्याकडं कोणी पाहून नाई राह्यलं असं त्या मशीनले वाटत असंल. मंग ते कायले दाखवंल? म्हणून तळ्याच्या राखणीची पाळी लावतो तशी लावली. रोज पाच बाया येतीन. सकाळीच दाबतीन. एसटीचं भाडं ज्याचं त्यानं."

अंजनाबाईनं खुर्ची ओढली अन् कॉम्प्युटरचा उंदीर हातात घेतला बी. "कुठी दाबू रे जहीर?"

जहीरनं म्हातारीच्या हातावर हात ठेवला. "दाबू नका."

"काऊन? आता काई म्या पान नाई खाल्लं."

"दाबू नका, आजी. तुमी दाबता म्हणूनच ते झोपते." एकदा तोंडातून निघालं, मंग सारंच निघालं. पैसे कोणाच्या दाबण्यानं कटले, पाहुण्यायच्या आधी चारा कोणं खाल्ला, सारं. बायायले समजाले जरा वेळ लागला. समजलं तशा एकमेकीकडं पाहू लागल्या. अंजनाबाई म्हणाली, "म्हणजे आमीच गिरजाचं घर खाल्लं?" अन् डोळ्याले पदर लावला.

गिरजा रडली नाई. तिनं एकच इचारलं. "तुले कवा समजलं?"

खोटं बोलाले जागा होती. आजच समजलं म्हणाला असता तं कोण पाहाले जाते? जहीरनं पंख्याकडं पाह्यलं, दाराकडं पाह्यलं.

"दिवाळीपासून."

"अन् आमची जाहिरात झोपली की कोणाची दिसे?"

"अजीमची."

बाकड्यावरचं लेकरू कुरकुरलं. गिरजा म्हणाली, "मिथुन गेला माजरीले. मागच्या बाजारालेच गेला. बॅग भरून देल्ली मी."

जहीरनं तिच्यासमोरच ती खूण केली. म्हणाला, "आता इकडं दिसणार नाई. तुमाले बी नाई, मले बी नाई. पण तिकडं, हैदराबादेत, पुण्यात दिवसभर दिसंल."

गिरजानं त्याच्याकडं असं पाह्यलं की त्यानं खालीच मान घातली. "म्हणजे आमाले दिसणार नाई, अन् तू म्हणतो दिसते, तं आमी मानाचं? तुह्या भरोशावर?"

बाया उठल्या अन् गेल्या.

गावात मोबाईलची रेंज नव्हती, म्हणून पानावर नंबर जहीरचाच होता. हप्ता नाई लोटला अन् फोन वाजला. हैदराबादचे चार जण, दोन्ही खोल्या पाह्यजे, जंगल दाखवाले माणूस बी पाह्यजे. जहीर मोटरसायकल घेऊन तसाच तळ्यावर गेला. केवळराम जाळं सांधत होता, त्यानं मान वर केली नाई. गिरजानं ऐकून घेतलं.

"येऊ दे त्यायले. खोल्या झाडतो मी. पण जंगलात कोण नेईल? ह्याले," तिनं नवऱ्याकडं बोट दाखवलं, "तळं सोडून वाट माहीत नाई. जा माजरीले. मिथुनले आन. अन् तो काऊन गेला होता, हे बी त्याले तूच सांग. मी नाई सांगणार."

जहीर भद्रावतीपर्यंत एसटीनं गेला अन् तिथून माजरीले ऑटोनं. रस्ताभर एकच वाक्य घोकलं, "मिथुन, माह्यानं चूक झाली." सुरुवात तं बरी होती. पुढं काय, ते काई सुचे ना.

मिथुन चहाच्या टपरीवर भेटला. तोंड काळंभोर, नुसते दात पांढरे. पाहून उठूनच उभा राह्यला. "अरे जहीरभाऊ! तुमी इथी? दोन चहा दे बे, आमच्या गावाकडचे पाहुणे हायेत!" मंग बाजूच्या पोट्ट्यायले म्हणाला, "हेच ते! ह्यायनंच माह्या मायले कॉम्प्युटरवर टाकलं." अन् जहीरकडं वळून, "मी बी काई रिकामा नाई बसलो, भाऊ. आल्या आल्या ह्या साऱ्यायले भद्रावतीच्या कॅफेत नेलं. एकेकाले दाबाले लावलं. म्हटलं, पाहा बे, हे आमचं घर."

पोट्टे हसले. एक म्हणाला, "मासोळी लय मोठी होती."

जहीरनं कप खाली ठेवला. घोकलेलं वाक्य कुठी गेलं काय माहीत. म्हणाला, "मिथुन, जरा तिकडं चाल. इथी नाई बोलत."

ते जरा दूर, लिंबाखाली बसले. जहीरनं सांगितलं. दिवाळीचं सांगितलं, अजीमचं सांगितलं, झिंगे खाल्ले ते बी सांगितलं. मिथुनच्या तोंडावरचं हसू एकदम नाई गेलं. हळूहळू गेलं, अन् ते पाहणं जास्त कठीण होतं. तो नखातला कोळसा काढू लागला.

"पोट्ट्यायले काय सांगू आता? मोठी शेखी मिरवली मी."

"माहं नाव सांग."

"पाहुणे खरंच येऊन राह्यले?"

"रविवारी."

मिथुन उठला. "मुकादमाले सांगून येतो."

"संगंच जाऊ. मी थांबतो."

"नको," मिथुन म्हणाला. "मायनं बोलावलं, मी येतो. तुमी जा, जहीरभाऊ. तुमच्या संगं नाई येत मी." मंग तो टपरीवर गेला अन् चहाचे पैसे दिले. दोघायचेही.