सहाशे दहाचं वर्गमूळ

धरमपेठेतल्या क्लासमध्ये पेंडके सरांनी मिनलचा पेपर सगळ्या वर्गासमोर वर धरला.

"आयताच्या बाजू तेरा आणि एकवीस. कर्ण किती? सगळ्यांनी सहाशे दहाचं वर्गमूळ लिहून सोडून दिलं. या बाईसाहेबांनी लिहिलंय चोवीस पूर्णांक सहा नऊ आठ. मोबाईल कुठं लपवला होता?"

"सर, मी हातानं काढलं. कच्च्या कागदावर."

कच्चे कागद परीक्षा संपल्यावर गोळा करून फेकून दिले होते.

"हातानं," सर हसले. "सावनेरच्या वेल्डरकडे हेच शिकवतात का?" त्यांनी पेपरवर शून्य लिहिलं आणि बाजूला 'कॉपी'. चाळीस पोरं हसली.

सावनेरपर्यंतच्या बसमध्ये मिनलला रडू आलं नाही. कानशिलं तेवढी तापलेली होती. घरी आल्यावर मात्र तिनं दप्तर भिरकावलं. तिचे बाबा, मारोतराव, फाटकांच्या आणि शेडच्या चौकटी वेल्डिंग करून बनवायचे. चौकट काटकोनात बसली की नाही, हे ते कर्ण मोजून पाहायचे आणि तो किती यायला हवा, हे खडूनं पत्र्यावर मांडून काढायचे. आठवीत शिकलेली रीत. मिनल ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

"काहून एवढी तापली वं?"

तिनं सांगितलं. वेल्डरवालं वाक्य मात्र गिळलं.

"जाऊ दे," मारोतराव म्हणाले. "शून्यानं काय होते? पुढच्या पेपरात दाखवजो."

"चोर म्हणलं त्यानं मले, बाबा. पुढचा पेपर कशाले पाहू?"

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधीच ती केबिनमध्ये शिरली. "कोणताही आकडा द्या, सर."

पेंडके सरांनी कंटाळून नऊशे चौऱ्याहत्तर सांगितला. तिनं उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडल्या आणि मूळ दुप्पट करत, वजा करत खाली उतरत गेली. दशांशानंतर दुसऱ्या जागी शून्य आलं, तिथं सरांना वाटलं ती अडकली. ती अडकली नाही. एकतीस पूर्णांक दोन शून्य आठ. सरांनी मोबाईलवर ताडून पाहिलं, मग पेपर काढून शून्य खोडलं.

"घे, पाच मार्क. जा आता वर्गात."

"शून्य वर्गात दिलं होतं, सर."

"मग?"

"मग मार्क केबिनमध्ये कसे?"

सर पेपर घेऊन वर्गाकडे निघाले. त्यांच्यामागोमाग मिनल वर्गात आली, पण बाकावर बसली नाही. फळ्याशी उभी राहिली.

"बस खाली," सर म्हणाले. ती हलली नाही. पहिल्या बाकावरची चिन्मयी हळूच म्हणाली, "सर, काय झालं?"

"काही नाही. कालच्या पेपरात थोडा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाही," मिनल म्हणाली. "तुम्ही मला चोर म्हणालात. माझ्या बाबांच्या कामावर हसलात. वर्गमूळ त्यांनीच शिकवलं मला."

मग पेंडके सर फळ्याकडे पाहत म्हणाले, "मिनलनं कॉपी केली नव्हती. मी चुकलो."

"आणि बाबा?"

सरांचे कान लाल झाले. "त्यांच्याबद्दलही बोलायला नको होतं."

मिनल जागेवर जाऊन बसली. शेजारच्या वेदिकानं तिचा हात दाबला. तिला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं झालं नाही. सर शिकवत होते, ती उतरवून घेत होती, आणि पेन इतकं दाबून धरलं होतं की अक्षरं पलीकडच्या पानावर उमटत होती.