पाक सूंच्या वाट्याचा मासा

मी एक जुनं फुगीर चाक आहे, मित्रांनो. अंगाला भेगा पडल्यात, मूळचा पिवळा रंग उडालाय आणि हवा भरली की दोन दिवसांत निम्मी होते. माझ्यासारखी म्हातारी चाकं गोष्ट सांगायला बसली की आपण कशा खस्ता खाल्ल्या आणि लोकांनी आपल्याला कसं अडगळीत टाकलं, हेच ऐकवतात. माझी तशी काही तक्रार नाही. मला कोणी छळलं नाही. उलट माझ्यामुळे एका वृद्ध माणसाचा रोजचा मासा तुटला. ती गोष्ट मनाला सारखी टोचते, म्हणून आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हाच मी गुबगुबीत होतो. माझा जोडीदारही त्याच साच्यातला. जहाजातून, मग ट्रकमधून आदळत-आपटत आम्ही दोघं तेरेंगानू प्रांताच्या किनाऱ्यावर, दुंगुन गावच्या बाजारात तौके हेंग यांच्या दुकानात येऊन लटकलो. तौके म्हणजे दुकानाचे शेठ. आमच्या शेजारच्या खिळ्याला बारीक, भरीव, काळ्याकुळकुळीत चाकांची एक जोडी होती. गिऱ्हाईक आलं की आधी तिच्याकडे जाई. आमच्याकडे बघून लोक हसत. आपल्याला कोणीतरी निवडावं, एवढी एकच इच्छा मला त्या दिवसांत होती.

एके सकाळी डेरामान आणि त्याची बायको काल्सोम दुकानात आली. डेरामानने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. आता साठीला टेकल्यावर तो रोज सकाळी एकटाच कयाक घेऊन समुद्रात जाई आणि बांगडे धरून आणी. कयाक म्हणजे एका माणसाची चिंचोळी होडी. वाळूवरून ओढून ओढून तिचं बूड झिजलं होतं आणि डेरामानचा गुडघाही. म्हणून तिच्याखाली लावायला एक दोनचाकी गाडा करायचा होता.

"ही काळी घेऊ या, सोम," डेरामान म्हणाला. "पंक्चरची भानगड नाही. जन्मभर टिकतील."

"टिकतील की, वाळूत पुरलेली टिकतील! तुमच्या गुडघ्याचं काय, अबांग?" काल्सोम म्हणाली. नवऱ्याला ती 'अहो' म्हणावं तसं 'अबांग' म्हणते.

तौके हेंगने मला खाली काढलं आणि डेरामानचा अंगठा धरून माझ्या पोटात दाबला. "खळगा पडला ना? असं चाक वाळूवर पसरतं, म्हणून वर राहतं. बारीक चाक वाळू कापत खाली जातं. काळी चाकं सिमेंटवर फिरवायची. आणि हवा भरताना हात आवर. टम्म फुगवलंस तर हेही रुतेल."

डेरामानने आणखी दोनदा अंगठा दाबून पाहिला आणि आम्हाला काखेत मारलं. त्या दिवशी माझ्याइतकं सुखी चाक दुनियेत नसेल.

आता आमच्या गावाची एक रीत सांगतो. किनाऱ्याला लागलेली होडी वर ओढायला जो कोणी हात लावेल, त्याला त्या दिवशीच्या कालवणापुरता मासा मिळतो. तो कोणी कोणाकडे मागत नाही आणि कोणी कोणाला देत नाही. हात लावणारा स्वतः पेटीचं झाकण उघडतो आणि आपला मासा उचलतो. डेरामानच्या कयाकला रोज हात लावायला येत ते पाक सू जुसोह. वय शहात्तर. डेरामानच्या वडिलांबरोबर त्यांनी तीस वर्षं समुद्र केला होता. डेरामानला गळाची गाठ मारायला त्यांनीच शिकवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको वारली होती. सुरूच्या झाडांमागे त्यांचं घर. सगळं गाव त्यांना 'पाक सू', म्हणजे धाकटे काका म्हणे. डेरामान पुढून ओढायचा आणि पाक सू मागची मूठ धरायचे. त्यांच्या जोरावर कयाक वर चढायची की कयाकच्या आधाराने ते चढायचे, हे खुद्द कयाकलाही सांगता येत नसे. पण वर पोचले की ते एक बांगडा उचलत आणि ताठ मानेने घरी जात.

माझा पहिला दिवस उजाडला. भरती होती. ओली घट्ट वाळू पाण्याखाली गेलेली, वर नुसता कोरड्या भुसभुशीत वाळूचा चढ. डेरामानने कयाक गाड्यावर बांधली, दोरी ओढली आणि आम्ही दोघं सुरसुर करत निघालो. रुतणं नाही की अडणं नाही. तेवढ्यात पाक सू हात पुढे करून लगबगीने खाली आले.

"राहू द्या, राहू द्या पाक सू!" डेरामान आनंदाने ओरडला. "तुम्ही सावलीत बसा. आता हा पैलवान आहे ना आपल्याकडे!" आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

मी फुशारून गेलो. पाक सूंचा हात मात्र क्षणभर तसाच पुढे राहिला. मग त्या हाताने त्यांनी उगाच मान खाजवली.

वर गेल्यावर डेरामानने पेटी उघडून सांगितलं, "घ्या पाक सू, चांगला मोठा घ्या."

"मी हात कुठे लावला?"

"म्हणून काय झालं?"

"मग तो वाटा नाही, दान झालं. दान करायचं तर मशिदीत कर." असं म्हणून ते हसले आणि रिकाम्या हाताने गेले.

त्यानंतरही ते चार दिवस आले. कधी म्हणाले, मी दोरी गुंडाळतो. ती गुंडाळून झालेली असे. कधी म्हणाले, चाकांची वाळू धुतो. ती काल्सोमने धुतलेली असे. पाचव्या दिवसापासून ते यायचे थांबले. डेरामानला वाटलं, चला, म्हाताऱ्या माणसाला विश्रांती मिळाली.

मित्रांनो, डेरामान पुढे बघून ओढत होता. त्याला दिसलं नाही, असं म्हणता येईल. मी मात्र त्या हाताजवळच होतो. मला सगळं दिसत होतं. मी निर्जीव चाक, मी काय करणार, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण खरं सांगू? रोज चार माणसं मला बघायला थांबत, दाबून बघत, वा वा करत. मला ते आवडत होतं. पाक सू आले नाहीत तर सगळी वाहवा माझीच होती. याची आज मला फार लाज वाटते.

काल्सोमने एकदा माशाचं कालवण झाकून पाक सूंकडे नेलं. ते भांडं तसंच्या तसं परत आलं. "पोट भरलंय म्हणाले," तिने नवऱ्याला सांगितलं. "पण चुलीवर मी काय बघितलं ठाऊक आहे? भात आणि मीठ-मिरची. शहात्तर वर्षं माशावर वाढलेला माणूस, अबांग!"

आणि मग तो दिवस आला. पाक सूंनी घरात टांगलेलं जुनं फेकजाळं काढलं आणि आपला मासा आपणच धरायला ते खाडीच्या तोंडाशी गेले. जाळं फेकताना लाट आली, पाय घसरला आणि ते दगडांवर पडले. शिंपल्या वेचणाऱ्या दोघी बायका धावल्या म्हणून वाचले. उजवं मनगट मोडलं. त्याच वेळी मी डेरामानची कयाक घेऊन मजेत चढ चढत होतो आणि डेरामान शीळ घालत होता.

"या वयात ते जाळं घेऊन का गेले, विचारा तुमच्या त्या पैलवानाला!" काल्सोम नवऱ्यावर कडाडली. ती रागात बोलली, पण ते मला लागलं, ते अजून लागून आहे. डेरामान खांबांवर उभ्या घराखाली माझ्याजवळ येऊन बसला. किती तरी वेळ तो माझ्या पोटात नुसता अंगठा दाबत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने अख्खा गाडा तौके हेंगच्या दुकानात नेला.

"ती काळी बारीक चाकं आहेत का अजून? ती बसवून दे."

"कुठे चालवणार?"

"वाळूवरच."

"अरे, रुततील!"

"किती रुततील?"

"वर कयाक आणि मासे? निम्मी आत जातील."

"मग ठीक आहे. तेवढं पुरे."

तौके हेंगने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याला ऊन लागलंय. "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, तू जरा घाईच केलीस," असं पुटपुटत त्याने आम्हाला काढलं आणि काळी चाकं बसवली. आम्ही गेलो काल्सोमच्या हातगाडीला. ती सुरूच्या झाडांखाली गरम केरोपोक, म्हणजे माशाचे तळलेले लांबट वडे विकते. तिथून सगळा किनारा दिसतो.

महिनाभराने पाक सू पहिल्यांदा किनाऱ्यावर आले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. ते झाडाखाली बसले आणि समुद्राकडे बघत राहिले. थोड्या वेळाने डेरामानची कयाक लागली. त्याने दोरी ओढली आणि काळी चाकं वाळूत गपकन रुतली. त्याने जोर लावला, ती आणखी खाली गेली. पाक सूंकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

जाळी शिवणारे दोघे जण मदतीला उठले, तर काल्सोमने त्यांना अडवलं. "आधी हे गरम आहेत तोवर खा. बसा खाली! बसा म्हणते ना!"

मी श्वास रोखून बघत होतो. पाक सू उठले नाहीत तर? आता एका हाताने काय करायचं, असं त्यांच्या मनात आलं तर? डेरामान दोनदा गुडघ्यावर आपटला. तरी ते बसूनच होते. शेवटी त्यांचा आवाज आला.

"डेरामान! ही चाकं कुठल्या गाढवाने निवडली?"

"मीच, पाक सू."

"वाटलंच. ती जाडी कुठे गेली?"

"सोमने पळवली. तिला माझ्यापेक्षा केरोपोक प्यारे."

"तुझा बाप असता तर त्याने गाड्याला तुलाच जुंपलं असतं," असं करवादत पाक सू उठले. मोडका हात छातीशी धरून त्यांनी कयाकच्या मागच्या टोकाला पाठ लावली. "ओढ रे! सगळा घाम मीच गाळू का?"

तीनदा थांबून, दोनदा शिव्या घालून ते दोघं एकदाचे वर पोचले. पाक सूंनी डाव्या हाताने पेटी उघडली. एक बांगडा काढला. मग दुसरा काढला.

"आज दोन. हे ओढणं नव्हतं, हे खणणं होतं."

"हा अन्याय आहे, पाक सू!"

"परवडत नसेल तर चाकं बदल."

डेरामानने चाकं बदलली नाहीत. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. पाक सूंचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. त्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून मासा ते डाव्या हातातच धरतात. ते समोरून गेले की मी त्या मनगटाकडे बघतो. ते सरळ करणं माझ्या हातात नाही.

मित्रांनो, चाकांची निगा जरूर राखा. खारं पाणी धुऊन टाका, उन्हात टाकू नका, बेताची हवा भरा. पण माझी कळकळीची विनंती वेगळीच आहे. नवं चाक घरी आणाल तेव्हा त्या गाड्याला आजवर कोणाचा हात लागत होता, ते आधी बघा. 'तुम्ही बसा' म्हणायला आपल्याला गोड वाटतं. ज्याला बसवलं त्यालाही एकदा विचारा.

गेल्या आठवड्यात शहरातून आलेला एक हौशी मासेमार काल्सोमच्या गाडीपाशी थांबला. त्याने मला दाबून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या पाक सूंना म्हणाला, "आजोबा, वाळूवर तर ही चाकं हवीत! ती इथे केरोपोक वाहतायत, आणि तो माणूस रोज त्या बारीक चाकांशी झटतोय. त्याला कोणी सांगत कसं नाही?"

पाक सूंनी तोंडातला घास सावकाश संपवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"त्याला चाकातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "तुम्हीही सांगायला जाऊ नका."

आणि कयाक किनाऱ्याला लागत होती, म्हणून ते उठले.